खानदेशातील भिल्ल वसाहती : कौल, तगाई आणि जमीन

चाळीसगावहून कन्नडकडे जाणारी बस सातमाळ्याचा जो घाट चढते, त्याला आपण औट्रम घाट म्हणतो. हा औट्रम कोण, असे विचारले तर ‘कोणी तरी साहेब’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. हा साहेब १८२५ साली खानदेशात आला तेव्हा बाविशीच्या घरात होता. पुढे १८५७च्या लखनौच्या लढाईत तो नावाजला. पण त्याची खरी उमेदवारी झाली ती आपल्या धरणगावात, भिल्लांच्या पलटणीवर.

त्या वेळचा खानदेश म्हणजे निम्मा ओसाड मुलूख होता. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा येथून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ पडला, आणि पुढची पंधरा वर्षे पेंढारी, अरब शिबंदी व डोंगरातल्या टोळ्या यांनी जे उरले होते तेही नेले. एके काळी परगण्याचे ठाणे असलेले, शहाद्याजवळचे सुलतानपूर ओस पडले. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा सारा वसूल करायला मुळात गावात माणूस हवा, ही पहिली अडचण होती.

कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला अधिकारी. फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा तोच हा ब्रिग्ज. पुण्याहून हिंदुस्थानात जाणाऱ्या रस्त्यावरचे म्हणून त्याने धुळे हे ठाणे निवडले. १८१९ साली तेथे जेमतेम अडीच हजार वस्ती होती. बऱ्हाणपूर वगैरे ठिकाणचे व्यापारी बोलावून त्यांना घरांसाठी बिनभाड्याच्या जागा कायमच्या दिल्या, बांधकामासाठी पैसेही उचल दिले. आज आपण ज्या गल्ल्यांना नावांऐवजी आकड्यांनी ओळखतो त्या नव्या धुळ्याचा पाया असा दानपत्रांवर घातला गेला आहे.

ही युक्ती इंग्रजांच्या डोक्यातून निघाली असे मात्र समजू नये. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल द्यायचा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा व दर साल थोडा थोडा चढवीत पूर्ण धाऱ्यावर आणायचा, हा इस्ताव्याचा रिवाज मराठेशाहीत जुनाच होता. नव्या सरकारने तो उचलला. नवे होते ते एवढेच, की हा कौल आता कुणब्याबरोबर भिल्लालाही देऊ केला गेला.

आधी ब्रिग्जने बंदूक वापरून पाहिली होती. डोंगरांच्या पायथ्याशी चौक्या बसवून भिल्लांना सपाटीवरून मिळणारे धान्य तोडायचे, आणि जे नाईक खाली उतरतील त्यांना घाट राखण्याबद्दल नेमणूक द्यायची, असा तो बेत होता. नाईक धरले जात, काही फासावर जात, आणि त्यांच्या जागी दुसरे उभे राहत. सहा-सात वर्षांत सरकार थकले. १८२५ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. भिल्लांच्या कामासाठी स्वतंत्र एजंट नेमले गेले. कन्नडला ओव्हान्स होता. औट्रमकडे पलटण उभारण्याचे काम आले. त्याने नाइकांबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, पहाऱ्याशिवाय त्यांच्यात राहिला, आणि ज्यांच्याशी लढला होता त्यांनाच सरकारी बंदूक दिली. ही पलटण १८९१ साली पोलिसांत विलीन झाली.

परंतु माझ्या मते ओव्हान्सचे काम अधिक खोलवर जाणारे होते, जरी घाटाला नाव औट्रमचे मिळाले. ओव्हान्सने जुने गुन्हे पोटात घातले. खाली येऊन वस्ती करणाऱ्याला पडीत जमीन, काही वर्षांची सारामाफी, आणि नांगर, बैल व बियाणे यांसाठी तगाई दिली. अशा रीतीने सातमाळ्याच्या कुशीत भिल्लांच्या शेतकरी वसाहती उभ्या राहिल्या. ज्यांच्या नावाने गावे दारे लावून घेत, ते लोक तगाईच्या बैलांनी शेत नांगरू लागले, ही लहान गोष्ट नव्हती.

तरीही एक प्रश्न राहतोच. जी जमीन सरकार ‘देत’ होते ती कोणाची? भिल्ल या मुलखात सरकारच्या कितीतरी आधीपासून होता. गावचा जागल्या म्हणून त्याचे हक्क होते, डोंगरावर त्याची फिरती शेती होती. सरकारने आधी सर्व पडीत आपले ठरविले आणि मग त्यातला तुकडा बक्षीस म्हणून त्याच्या हाती ठेवला. देणाऱ्याला अटीही घालता येतात. सेंधव्याच्या घाटावर सरकारी चाकरी केलेला खाज्या नाईक १८५७ साली उलटला आणि एप्रिल १८५८मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली, याचे मूळ नुसत्या दिल्ली-मेरठच्या बातम्यांत शोधून भागत नाही.

यापुढची घसरण कागदाने झाली. १८५२ साली मोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत शेतकरी खवळून उठले होते. तरी मोजणी झालीच. शेताला नंबर मिळाला, खातेदाराला हक्क मिळाला, आणि त्याबरोबर तो हक्क गहाण टाकण्याची सोयही मिळाली. पुढच्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले, आणि कालचे पडीत सोन्याचे झाले. आता सावकाराला भिल्लाच्या पिकापेक्षा जमीनच हवी होती. १८७८च्या कायद्यानंतर सातपुड्याचे जंगल राखीव होऊ लागले, म्हणजे डोंगरात परतण्याची वाटही अरुंद झाली. तेथे लागवडीस मिळाले ते एकसाली तुकडे, एका वर्षाच्या बोलीचे.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. १९०१ साली मुंबई कौन्सिलात जमीन महसुलाच्या दुरुस्तीचे बिल आले. सरकारजमा झालेली जमीन परवानगीशिवाय विकता येणार नाही अशा शर्तीवर द्यावी, असा त्याचा रोख होता. शर्त शेतकऱ्याच्या रक्षणाची की त्याला सरकारचे कूळ बनविण्याची, यावर वाद पेटला. फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृती सभात्याग करून गेले. बिल मंजूर झाले. सातबाऱ्यावर ‘नवीन अविभाज्य शर्त’ हे शब्द वाचताना अनेकांना हा इतिहास ठाऊक नसतो.

शहादे-तळोद्याच्या काळ्या जमिनीत मात्र व्हायचे ते होऊन गेले होते. तेथील भिल्ल आपल्याच बापजाद्यांच्या शेतात सालदार झाला होता. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे नेते पुढे आले, श्रमिक संघटना उभी राहिली, आणि लोक जुने उतारे घेऊन तहसील कचेरीत जाऊ लागले. अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४चा आहे. त्याखाली अर्ज करणाऱ्याला पहिले काम पडते ते जमीन एके काळी आपल्या घराण्याच्या नावावर होती हे दाखविण्याचे. ज्याच्या पणजोबाने कौल तोंडी घेतला आणि कर्जाच्या कागदावर अंगठा उठवला, त्याच्याकडे सावकाराचा कागद असतो, स्वतःचा नसतो.