लॅपटॉपचे झाकण लावताना



शाळाभेटींच्या वेळी एक तक्रार वारंवार कानी येते. प्रोजेक्टरवर पाठ दाखविणे चालू असते. खडूची धूळ कळफलकावर पडू नये म्हणून गुरुजी लॅपटॉपचे झाकण लावतात आणि तत्क्षणी भिंतीवरील चित्र नाहीसे होते. यंत्र बिघडले, असा समज होतो. वस्तुतः यंत्र त्यास दिलेल्या आज्ञेप्रमाणेच वागलेले असते. ही आज्ञा आपणांस बदलता येते. मात्र ती विचारपूर्वक बदलली पाहिजे.

झाकण लागले, हे यंत्रास कसे कळते? बहुधा झाकणाच्या कडेत एक लहानसा लोहचुंबक असतो व खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा संवेदक असतो. दोन्ही जवळ आले की झाकण लागल्याची सूचना मिळते. म्हणूनच विज्ञानपेटीतील चुंबक लॅपटॉपवर ठेवल्यास, झाकण उघडे असूनही पडदा काळा होऊ शकतो.

सूचना मिळाल्यावर काय करावयाचे, याचे चार पर्याय विंडोज प्रणालीत असतात. ‘डू नथिंग’ म्हणजे काम चालूच राहते. ‘शट डाऊन’ म्हणजे यंत्र पूर्ण बंद होते. उरलेल्या दोहोंतील भेद नीट ध्यानी घ्यावा. ‘स्लीप’मध्ये चालू काम तात्पुरत्या स्मृतीत राहते, ही स्मृती टिकविण्यास थोडी वीज सतत लागते. ‘हायबरनेट’मध्ये तेच काम डिस्कवर उतरवून मग यंत्र बंद होते. पहिले फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे, तर दुसरे वहीत उतरवून घेण्यासारखे आहे. बॅटरी संपली की फळा पुसला जातो, वही राहते.

हा भेद न कळल्याने नुकसान होते. एका शाळेत एका शिक्षिकाबाईंनी दिवसभर खपून निकालपत्रके भरली आणि ती जतन न करताच सायंकाळी झाकण लावले. रात्री वीज गेली, जुनी बॅटरी उतरली व सकाळी सारी पत्रके कोरी निघाली. बाईंचे श्रम खरे होते. उणीव होती ती माहितीची.

बदल करण्याची रीत सोपी आहे. ‘कंट्रोल पॅनेल’ उघडून ‘हार्डवेअर अँड साउंड’ व त्यातील ‘पॉवर ऑप्शन्स’ येथे जावे. डाव्या बाजूस ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ ही ओळ दिसेल, ती दाबावी. पुढील पानावर झाकणासंबंधीच्या ओळीत दोन रकाने असतात : ‘ऑन बॅटरी’, म्हणजे यंत्र बॅटरीवर असताना, आणि ‘प्लग्ड इन’, म्हणजे वीज जोडलेली असताना. प्रत्येकात हवा तो पर्याय निवडून शेवटी ‘सेव्ह चेंजेस’ दाबावे. ते न दाबल्यास बदल टिकत नाही.

कोणता पर्याय कोठे निवडावा? बॅटरीच्या रकान्यात ‘हायबरनेट’ ठेवावे. तो पर्याय दिसत नसल्यास ‘स्लीप’ ठेवावे. विजेच्या रकान्यात, प्रोजेक्टर वापरावयाचा असेल तरच ‘डू नथिंग’ ठेवावे. बॅटरीच्या रकान्यात ‘डू नथिंग’ कदापि ठेवू नये. तसे केल्यास झाकण लावून पिशवीत घातलेला लॅपटॉप आतल्या आत चालूच राहतो, तापतो आणि दुसऱ्या दिवशी ऐन तासाला त्याची बॅटरी रिकामी असते. झाकण लावून पाठ दाखवितानाही यंत्राखाली कापड वा गादी नसावी. उष्णता बाहेर पडण्यास वाट हवी.

अखेरीस एक सवय सांगावीशी वाटते. पर्याय कोणताही असो, आधी काम जतन करावे आणि मगच झाकण लावावे. ही सवय आपण पाळली, तर ती आपले पाहून विद्यार्थीही उचलतील.