खालचा सिलिंडर गळतो तेव्हा

आमच्या गटाचा जुना टेम्पो परवा भाजी भरून उभा, पण गिअर पडेना. क्लच दाबला की पाय थेट तळाला. "क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल," असं आम्हाला सांगितलं गेलं. आम्ही आधी क्लचच्या ऑइलची डबी पाहिली. रिकामी! गिअरबॉक्सच्या बाजूचा छोटा सिलिंडर ऑइलने भिजला होता.

क्लच दाबला की वरच्या सिलिंडरमधलं ऑइल पाइपातून या खालच्या सिलिंडरात येतं आणि त्याचा दांडा क्लचचा फोर्क ढकलतो. आतलं रबर झिजलं की ऑइल गळतं, जोर पोचत नाही. सिलिंडर बाहेरून बसवलेला असेल तर गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. चाकांना दगड लावायचे, पाइप सोडवायचा, बोल्ट काढायचे, नवा सिलिंडर बसवायचा.

मग हवा काढायची. डबी भरून एकीने क्लच दाबून धरायचा, दुसरीने निपल सैल करायचं. बुडबुडे आले की निपल आवळायचं, मगच पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधेमधे ऑइल घालत राहा, डबी रिकामी झाली की पुन्हा हवा शिरते.

झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल वापरा, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल कधीच नको, रबर फुगतं. डोळ्यांना आणि गाडीच्या रंगाला जपा.

तर बायांनो, मोठ्या खर्चाला हो म्हणण्याआधी डबी उघडून बघा!