राज्य कुणावर?
(लेखमाला : मधल्या सुट्टीतलं गणित, भाग ६)

दहावीच्या पुस्तकात ‘संभाव्यता’ हे प्रकरण येतं तोवर मुलं पंधरा वर्षांची झालेली असतात. शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या आसपासच्या वस्त्यांत पकडापकडी खेळणारी पोरं मात्र आठव्या वर्षीच तिच्यावर विसंबून असतात. मराठी, हिंदी, सिंधी बोलणारी एकत्र जमली, तरी राज्य कुणावर हे ठरवायला भाषा लागत नाही. तिघांनी चकायचं, हात उताणा नाहीतर पालथा. ज्याचा वेगळा, तो सुटला.

गेल्या आठवड्यात आपण अडम-तडम तपासलं. मोजणी कुठून सुरू करायची हे ज्याच्या हाती, निकालही त्याच्याच हाती. चकण्यात असं करता येत नाही, निदान वरवर पाहता तरी.

चौथी-पाचवीच्या वर्गात विचारा : एका झटक्यात कुणीतरी सुटण्याची शक्यता किती? बरीच मुलं ‘निम्मी’ म्हणतील. एक तर कुणी सुटेल, नाहीतर नाही! हसू नका. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात डालांबेर या नामवंत गणितज्ञाने लिहिलं की, नाणं दोनदा उडवल्यावर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता दोन तृतीयांश असते. खरं उत्तर तीन चतुर्थांश. त्यानेही प्रकार मोजले, पण ते सगळे सारख्याच वेळा घडतात का, हे पाहिलं नाही. म्हणून मुलांकडून फळ्यावर सगळ्या मांडण्या लिहून घ्या. तीन हात, प्रत्येकाचे दोन प्रकार, एकूण आठ. दोहोंत तिघं सारखे. उरलेल्या सहांत एक जण सुटतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन येतात. म्हणजे चारातून तीनदा निकाल लागतो आणि संधी तिघांनाही सारखी.

खरी गंमत शेवटी दोघंच उरतात तेव्हा. मग सुटलेल्यांपैकी एक जण तिसरा हात द्यायला येतो. त्याचाच वेगळा पडला तर पुन्हा चकायचं. दोघांची संधी अजूनही समान. पण या मदतनिसाने एकाशी आधीच ठरवलं, ‘तू पालथा, मी उताणा’, तर? दुसऱ्याने काहीही दाखवलं तरी त्याचा हात त्या दोघांपैकी एकाशी जुळणारच. मदतनिसाशी जुळला तर मित्र सुटला, मित्राशी जुळला तर डाव पुन्हा. त्या बिचाऱ्याला सुटकाच नाही!

ही युक्ती फळ्यावर समजावण्यात मजा नाही. तिघांना पुढे बोलवा, दोघांच्या कानात सांगा, कुणीही सुटो, चकत राहायला लावा आणि चोरी वर्गाला पकडू द्या. खूण एकच : या लबाडीत तिघांचे हात कधीच सारखे पडत नाहीत, एरवी चारातून एकदा पडायला हवेत. तरी आरोपाची घाई नको. आठ झटक्यांत एकदाही सारखे न पडणं सरळ खेळातही साधारण दहातून एकदा होतं. वीस झटक्यांत मात्र ते हजारातून तीनदाच.

पालिका निवडणुकीआधी प्रभाग आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा चिठ्ठी काढायला बहुधा शाळकरी मूलच बोलावतात. चिठ्ठ्या सारख्या घडीच्या, ड्रम पारदर्शक. हा थाट कशासाठी, ते आता तुमचा वर्गच सांगेल.

पुढच्या भागासाठी चार चिंचोके मधोमध फोडून ठेवा. एक फोड शंभरदा टाका आणि पांढरी बाजू किती वेळा वर आली ते लिहून ठेवा. पन्नास येईल असं धरून चालू नका.