बारीक दळाल, तसं जोरात जळेल

माझं बालपण गंगाखेडला गेलं. जनाबाईंचं गाव, जात्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. घरी चूल होती. आई जाड लाकडाला थेट काडी लावायची नाही. आधी पऱ्हाट्यांच्या बारीक काड्या, मग फांद्या, मग लाकूड. रॉकेटच्या इंधनाचं एक मर्म या चुलीत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

जळणं म्हणजे पदार्थाचा प्राणवायूशी संयोग, आणि घन पदार्थाला हवा भेटते ती पृष्ठभागावर. एक सेंटिमीटरचा घन ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. तोच चिरून 100 नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर एकूण पृष्ठभाग 60 चौरस मीटर होतो, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या घराएवढा! वस्तू तेवढीच, पण पेटायला जागा लाखपट.

अ‍ॅल्युमिनियमचंच पाहा. त्याचं पातेलं चुलीवर वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो वितळायला 2000 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागतं. हाच धातू भुकटी होऊन पीएसएलव्हीच्या घन इंधनात जळतो. भुकटी नॅनो आकाराची केली, तर ती कमी तापमानाला पेटते आणि लवकर जळते. अशा ऊर्जावान पदार्थांचा अभ्यास पुण्यातली एचईएमआरएल ही संरक्षण प्रयोगशाळा करते.

मग सगळीच भुकटी नॅनो का करत नाहीत? गोम इथंच आहे. 80 नॅनोमीटरच्या कणावर 3 नॅनोमीटरचा थर धरला, तर कणाचा पाचवा हिस्सा आधीच ऑक्साइड झालेला, म्हणजे जळूनच गेलेला असतो. शिवाय इंधनाचं मिश्रण इतकं घट्ट होतं की साच्यात ओतणं अवघड. आणि स्थिर विजेची छोटी ठिणगीही धोक्याची ठरते.

मंडळी, हे फक्त रॉकेटवाल्यांपुरतं नाही. 1785 साली इटलीतल्या तुरीन शहरात बेकरीच्या कोठारात उडालेलं पीठ दिव्यानं पेटलं आणि स्फोट झाला. 2008 साली अमेरिकेत पोर्ट वेंटवर्थ इथल्या कारखान्यात साखरेच्या धुळीनं 14 माणसांचा जीव घेतला. साखर आणि पीठ तर आपल्या रोजच्या व्यवहारातले. तेव्हा यंत्रांवर, तुळयांवर धूळ साचू देऊ नका. ती हवेच्या झोतानं उडवू नका. धुळीजवळ वेल्डिंग करू नका.

आई चूल पेटवण्याआधी भोवतालचा काडीकचरा झाडून घ्यायची. कारखान्याचा पहिला नियमही तोच आहे.