नळदुर्गच्या साहेबाची सासुरवाडी

नाना फडणवीस १८०० साली वारले तेव्हा पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटानं लिहून ठेवलं, की नानांबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयमही गेला. हा अभिप्राय आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. लिहिणाऱ्याचं नाव विल्यम पामर. या पामरचा नातजावई अर्ध्या शतकानंतर नळदुर्गला येऊन आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या मोठ्या भागाचा कारभार पाहू लागला, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो. ते कळलं कुठल्या इतिहासग्रंथातून नव्हे. नातं जुळलं ते जन्म, लग्न आणि मरणाच्या नोंदींतून.

नातजावई म्हणजे फिलिप मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीचा लेखक. जन्म २५ सप्टेंबर १८०८, लिव्हरपूल. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आला आणि लवकरच निजामाच्या फौजेत शिरला. १८५३ च्या तहात निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, तेव्हा नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. १८६० साली नळदुर्ग निजामाला परत मिळालं. पुढे १९०४ मध्ये जिल्ह्याचं ठाणं तिथून धाराशिवला हललं. बोरी नदी, तिच्यावरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल टेलरच्या नित्याच्या पाहण्यातले होते.

माणसाचा वंश शोधायचा तर सुरुवात शेवटापासून करावी, असा या विद्येचा पहिला नियम आहे. जन्माच्या वेळी कुणाला त्या बाळाची फारशी पडलेली नसते. मरताना मात्र वारसाचा प्रश्न येतो, म्हणून मृत्यूच्या कागदावर नातेवाईक गोळा होतात. टेलरचा शेवट १३ मे १८७६ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेंतों गावी झाला. दृष्टी अधू झाल्यावर तो १८७५ मध्ये पुन्हा भारतात आला होता. इथून परतताना वाटेतच त्याचं देहावसान झालं. फ्रान्समध्ये मृत्यूची नोंद गावच्या नगरपालिकेत होते आणि तिथे मृताच्या आईवडिलांची नावंही लिहिण्याचा प्रघात आहे. पुढच्याच वर्षी त्याचं आत्मचरित्र छापून निघालं ते मुलगी ॲलिस हिनं संपादित केलेलं. एका मृत्यूपासून एक पिढी मागे आणि एक पिढी पुढे, असे दोन्हीकडचे धागे हाती येतात.

मधली वर्षं भरून काढायला जनगणना हवी. १८६० नंतर टेलरचं बिऱ्हाड डब्लिनजवळ हॅरॉल्ड्स क्रॉस इथे होतं. आता आयर्लंडच्या जनगणनेचं काय झालं ते पाहा. १८६१ आणि १८७१ चे घरोघरचे तक्ते सरकारनंच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्यात गेले. त्याआधीचे, १८२१ ते १८५१ चे, १९२२ मध्ये डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ इमारतीला लागलेल्या आगीत बहुतेक सगळे जळाले. म्हणजे टेलरची ‘तारा’ ही कादंबरी छापून आली त्या काळात त्याच्या घरी कोण राहत होतं, हे ज्या कागदावर गणनाकारानं लिहून घेतलं, तो कागदच उरलेला नाही. लाखो आयरिश कुटुंबांची हीच गत झाली. एका बेटाची अख्ख्या शतकाची माणसं अशी पुसली जातात, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून भारताकडे वळायचं. कंपनीच्या मुलखातले पाद्री बारसं, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवत. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या या वह्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सर्वांत जुन्या नोंदी सतराव्या शतकाच्या अखेरीच्या. टेलरचं लग्न मेरी पामर हिच्याशी झालं आणि १८४४ मध्ये ती वारली, म्हणजे नवरा नळदुर्गला यायच्या नऊ वर्षं आधी. तिचे वडील विल्यम पामर हैदराबादचे प्रसिद्ध सावकार. त्यांची पेढी खुद्द निजामाच्या सरकारला कर्ज देत असे. आणि या सावकाराचे वडील म्हणजे पुण्याचा तो रेसिडेंट, जनरल पामर.

सावकाराची आई कोण, हे विचारलं की पाद्र्याची वही मदत करत नाही. ती ख्रिस्ती नव्हती. तिचं नाव फैज बख्श, लखनौच्या खानदानी मुसलमान घरातली स्त्री. तिला शोधायचं तर दोन वेगळ्या ठिकाणी जावं लागतं. एक म्हणजे जनरल पामरचं मृत्युपत्र. पस्तीस वर्षांहून अधिक काळ साथ दिलेली सखी म्हणून तो त्यात तिचा मानानं उल्लेख करतो. दुसरं म्हणजे १७८६ च्या सुमाराचं एक अपुरं राहिलेलं तैलचित्र. लाल कोटातला पामर, जमिनीवर बसलेली फैज, मांडीवर तान्हं बाळ, भोवती मुलं आणि घरातल्या बाया. चर्चच्या वहीत जिला जागा नाही ती बाई इथे चित्राच्या मधोमध बसली आहे.

तिच्या मुलानं हैदराबाद का गाठलं, याचंही कारण कागदावर आहे. हिंदी आईच्या मुलांना कंपनीच्या मानाच्या नोकऱ्या मिळू नयेत असा हुकूम १७९१ मध्ये निघाला. रेसिडेंटाचा मुलगा असूनही विल्यमला ती दारं बंद झाली. तो निजामाच्या चाकरीत गेला आणि नंतर पेढी काढली. तो हुकूम निघाला नसता तर विल्यम हैदराबादला जाता ना, आणि टेलरची मेरीशी गाठ पडणंही अवघड होतं.

धागा इथेही थांबत नाही. फैजची बहीण मानली जाणारी हलीमा ही महादजी शिंद्यांचा सेनापती द बॉयन्य याची बायको. महादजींच्या कवायती पलटणी उभ्या करणारा तोच. तो १७९७ मध्ये तिला आणि दोन मुलांना घेऊन इंग्लंडला गेला आणि पुढच्याच वर्षी एका फ्रेंच सरदारकन्येशी लग्न करून मोकळा झाला. हलीमा पुढे हेलेना बेनेट या नावानं ससेक्समधल्या हॉर्शमजवळ अखेरपर्यंत राहिली. इंग्लंडच्या १८४१ आणि १८५१ च्या जनगणना तिच्या हयातीत झाल्या. पहिलीत मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, दुसरीत जन्मस्थळ विचारू लागले. ती १८५३ मध्ये वारली, टेलर नळदुर्गला आला त्याच वर्षी. हॉर्शमच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात तिची कबर इतर कबरींच्या दिशेत नाही, वेगळ्या दिशेला आहे.

असा माग आपल्याकडे काढता येतो का? इंग्लंडची जनगणना शंभर वर्षांनी नावागावासकट लोकांना खुली होते. आपल्याकडे घरोघरच्या नोंदी गोपनीय असतात. आकडे छापले जातात, माणसं नाही. अपवाद १९५१ चा. त्या जनगणनेवरून नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यात ती तपासलीही गेली. त्याच शोधात गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, पुन्हा लोकांच्या तोंडी आली. कोतवाल बुक म्हणतात ते हेच. निजामी अमलामुळे आपल्या भागातले कितीतरी जुने कागद उर्दू-फारसीत आहेत, काही मोडीत. हॉर्शमचा चर्च-क्लार्क आणि एखाद्या तांड्याचा कोतवाल एकच काम करत होते: कोण गेलं, कुणाचं कोण, किती वर्षांचं. एका कोतवालाच्या ओळीवर आज एखाद्या घराची पाच पिढ्यांची वंशावळ उभी राहते, हे मला मेंतोंच्या नोंदीइतकंच अद्‌भुत वाटतं.

हे सगळं माहीत झाल्यावर टेलरची ‘तारा’ पुन्हा वाचावी. १८६३ ची ही कादंबरी १६५७ च्या काळात, तुळजापुरात सुरू होते. तारा ही तिथल्या शास्त्र्याची मुलगी, बालविधवा, भवानीच्या सेवेतली. कादंबरीत तिच्यावर जीव जडतो तो अफझलखानाच्या मुलाचा, फाझिलचा. तो तिला सती जाण्यापासून वाचवतो आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. शिवचरित्र जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा जोड विचित्र वाटतो, आणि मलाही पूर्वी तो निव्वळ कल्पनेचा खेळ वाटायचा. आता तसं वाटत नाही. दोन धर्मांचा संसार टेलरनं सासुरवाडीच्या घरात पाहिला होता. त्याच्या मेरीची आजी फैज बख्श होती.