गेम रंगात आला की पीसी रीस्टार्ट?

धारूरकर गेमर मंडळी, ऐन लढाईत स्क्रीन काळी होऊन पीसी आपोआप परत सुरू होतो? लगेच विंडोज नवं टाकत बसू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन झालं नाही. का, ते तो सांगत नाही.

निळी स्क्रीन न येता थेट रीस्टार्ट, म्हणजे माझा पहिला संशय विजेवर. माझ्याकडे तर चोर यूपीएसच निघाला! ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. ग्राफिक्स कार्ड जोरात आलं की पीसी न् मॉनिटर मिळून सहज त्यापुढे जातात. त्यात व्होल्टेज पडलं, यूपीएस बॅटरीवर गेला, की खेळ खल्लास. एकदा अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटवर थेट चालवून बघा. तरीही बंद पडला तर एसएमपीएस तपासा. रॅमचं एक्सएमपी बंद करून पाहायलाही पैसे लागत नाहीत.

आणि धूळ! एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसर शंभर अंशांकडे सरकत असेल तर ब्लोअर काढा. हवा मारताना पंखा मात्र बोटाने धरून ठेवा, भरकन फिरून बेअरिंग जातं.