ॲटमॉस दिसत नाही म्हणून बिल अडकलं? आधी केबल बघा

होम थिएटर बसवायचं काम करणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्याचा परवा फोन आला. काम पूर्ण झालंय, पण गिऱ्हाईक शेवटचा हप्ता देईना. ब्लू-रे डिस्कवर 'डॉल्बी ॲटमॉस' छापलेलं, छताला चार स्पीकर लावलेले, आणि रिसीव्हरवर दिसतंय नुसतं 'डॉल्बी डिजिटल'.

मी विचारलं, प्लेअर ते रिसीव्हर केबल कोणती? "सर, ऑप्टिकल. भारीतली घेतलीये."

तिथेच गोची होती. ऑप्टिकल असो वा कोॲक्सियल, त्यातून दोन चॅनेलचा पीसीएम जातो, नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारखा दाबलेला 5.1 आवाज. ब्लू-रेवरचा ॲटमॉस बहुतेक वेळा डॉल्बी ट्रूएचडीच्या पोटात असतो. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त 448 किलोबिट प्रति सेकंद लागतात, तर ब्लू-रेवरचा ट्रूएचडी 18 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. बोळातून ट्रक कसा नेणार? केबल पाचशेची घ्या की पाच हजारांची, फरक शून्य.

त्याने एचडीएमआय लावली. तरी ॲटमॉस येईना! आता मेख सेटिंगमध्ये होती. प्लेअरचं ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर होतं. मग डिकोडिंग प्लेअरच करतो. चॅनेल येतात, पण छताच्या स्पीकरची माहिती गळून जाते. ते 'बिटस्ट्रीम' करायला सांगितलं आणि 'सेकंडरी ऑडिओ' बंद. मेनूचे टिकटिक आवाज मिसळायला ही सोय असते, पण त्यापायी मूळ ट्रॅकची वाट लागते. दोन मिनिटांत 'ॲटमॉस' झळकलं, संध्याकाळी पैसे जमा.

गिऱ्हाइकाचा रिसीव्हर जुना, एचडीएमआय नसलेला असेल तर? प्लेअरला 5.1 ॲनालॉग आउटपुट आहे का बघा. सहा आरसीए वायरी ओढायच्या, डिकोडिंग प्लेअरकडे. एसएसीडी ऐकणाऱ्यांनाही ही वाट उपयोगी, कारण तिचा मूळ डीएसडी आवाज ऑप्टिकलमधून मिळत नाही. फक्त एक सांभाळा: बरेच रिसीव्हर ॲनालॉग इनपुटवर बेस आणि अंतराचं सेटिंग लावतच नाहीत. स्पीकरचा आकार, अंतर, सबवूफर सगळं प्लेअरच्या मेनूत भरा. नाहीतर "सबवूफर वाजत नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी फोन येणारच!

आणि रिसीव्हरला एचडीएमआय आहे, पण तो 4के एचडीआर पुढे पाठवत नसेल, तर लगेच नवा विकायला जाऊ नका राव. दोन एचडीएमआय आउटपुटवाला प्लेअर सुचवा. एक थेट टीव्हीला, दुसरी आवाजासाठी रिसीव्हरला.

कोटेशनमध्ये केबलचा प्रकार आणि प्लेअरचं सेटिंग वेगळ्या ओळीत लिहा. काम सोपवताना ॲटमॉसची डिस्क स्वतः घेऊन जा, आणि रिसीव्हरवरचं नाव गिऱ्हाइकाला दाखवूनच सही घ्या.